परवानगीचं पत्र खरं होतं

उन्हाळा तोंडावर आला की कोल्हापुरात ‘समर फेस्ट’, ‘फूड कट्टा’, ‘संध्याकाळचा बाजार’ अशा नावांनी स्टॉल बुकिंगचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरायला लागतात. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यातल्या एकात आमचे अठ्ठावन्न हजार रुपये गेले. आमच्यासोबत आणखी तीसेक स्टॉलवाल्यांचेही गेले, कुणाचे कमी, कुणाचे जास्त. हे सविस्तर लिहिण्याचं कारण म्हणजे आम्हाला दाखवलेलं पत्र महापालिकेचंच होतं. सही-शिक्का अस्सल होता आणि जागाही त्या माणसाला खरोखर मिळाली होती. ‘कागद बघून मगच पैसे द्या’ हा सल्ला सगळेच देतात. कागद आम्ही बघितला होता.

राजारामपुरीत आमचं सोडा-सरबताचं छोटं दुकान आहे. मी आणि माझे मिस्टर मिळून चालवतो. दुकानात चार माणसं उभी राहिली की पाचवं रस्त्यावर, म्हणून उन्हाळ्यापुरता मोकळ्या जागेत काउंटर टाकायचं बरेच दिवस मनात होतं. पुण्या-मुंबईत ज्याला पॉप-अप बार म्हणतात तसा. घडीचा काउंटर, उंच स्टुलं, वर बल्बच्या माळा, पाटीवर खडूने लिहिलेला मेनू आणि पाऊस लागला की सगळं गुंडाळून घरी. दारूचा संबंध नाही. कोकम सोडा, पन्हं, सोलकढी, आलं-लिंबू, जिरा मसाला. कोकमाचं आगळ सिंधुदुर्गातून येतं, गूळ इथलाच.

मार्चमध्ये एकजण दुकानात आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, बोलणं अस्सल पेठेतलं. कोकम सोडा प्यायला, पैसे दिले, सुटे परत घेतले नाहीत.

“वैनी, ही चव गल्लीत कशाला कोंडून ठेवलाय? गावाच्या मधोमध पटांगण घेतलंय आपण. एप्रिल-मे पूर्ण, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जोतिबाच्या यात्रेला अख्खा महाराष्ट्र इकडं येतोय. कोपऱ्यातली जागा तुम्हाला ठेवतो.”

पटांगणाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आजही प्रामाणिकपणे पोट भरणारे गाडेवाले आहेत. त्याने पत्राची झेरॉक्स दिली. वर महापालिकेचं नाव, जावक क्रमांक, विषय ‘प्रदर्शन व विक्रीसाठी मोकळी जागा मिळणेबाबत’, खाली गोल शिक्का. मुदत ‘दि. ४ एप्रिल २०२५ ते दि. ६ जून २०२५’. मिस्टरांनी जागेवर जाऊन चौकशी केली, तर तिथल्या रखवालदारानेही “हो, त्यांनाच मिळालीय” असं सांगितलं. ते खोटं नव्हतंच.

आधी ‘ट्रायल’ म्हणून तीन दिवसांचे फक्त तीन हजार. पटलं तर पुढचं, नाही तर गाडा उचलून जा. जो माणूस आधी धंदा करून बघा म्हणतो त्याच्यावर संशय कसा घ्यायचा, तुम्हीच सांगा.

४ एप्रिलला शुक्रवारी बाजार सुरू झाला आणि जोरात चालला. मांडव होता, लाईट होती, झाडूवाला होता, फिरतं शौचालय होतं, रात्री राखणीला दोन पोरं होती. कोल्हापूरचा उन्हाळा दिवसा भाजतो, पण दिवस कलला की वारं सुटतं आणि माणसं घराबाहेर पडतात. रविवारी रामनवमी होती. साडेसात-आठला आमच्या काउंटरपुढे एवढी गर्दी की बर्फ संपत आला आणि मिस्टर पिशव्या आणायला पळाले. मी एकटी, एका हाताने लिंबू पिळतेय, दुसऱ्या हाताने सोड्याचा नळ. नेमका त्याच वेळी त्याचा पोरगा पावतीपुस्तक घेऊन आला.

“वैनी, सीझनचं आत्ताच फायनल करायला सांगितलंय. तुमच्या कोपऱ्याला दुसरं गिऱ्हाईक तिथं उभं हाय बघा.”

आणि खरंच एक बाई लांबून आमच्या जागेकडे बोट दाखवत उभी होती. ती त्याच्याच ओळखीतली निघाली, हे फार नंतर कळलं.

पंचेचाळीस हजार भाडं, दहा हजार अनामत. पंचवीस हजार त्याच्या नंबरवर, वीस हजार ‘लाईटवाल्याचे परस्पर टाका’ म्हणून दुसऱ्याच क्यूआर कोडवर आणि दहा रोख. तुकडे का, तर म्हणे जीएसटीची कटकट नको. पावतीवर स्टॉल नंबर, रक्कम आणि ‘ना परतावा’ असा ठळक शिक्का. ना पत्ता, ना नोंदणी क्रमांक, ना पूर्ण नाव. गर्दीच्या त्या अर्ध्या-पाऊण तासात तो पोरगा सगळ्या स्टॉलवर फिरला. तीन दिवसांचा गल्ला लोकांच्या हातात होता, उद्याची आशा होती आणि बोलायला कुणालाच उसंत नव्हती. बहुतेकांनी भरले.

सोमवारी दुपारी गेलो तर मांडव नव्हता. आमचा घडीचा काउंटर, बर्फाची पेटी आणि आगळाचे कॅन जसेच्या तसे होते. राखणीची पोरं गायब, फोन बंद. दिवेलागणीला अतिक्रमणची गाडी आली. मुकादमाकडे त्याच पत्राची प्रत होती. तोच जावक क्रमांक, तीच सही, मुदत ‘४ एप्रिल ते ६ एप्रिल’. त्यांच्या हिशोबाने पटांगण रविवारी रात्रीच रिकामं व्हायला हवं होतं. त्यांचं चुकलं काहीच नाही. सामान उचललं, दंड भरून सोडवून आणलं. तोवर कॅनची टोपणं निघून आगळ पेटीत सांडलं होतं, सगळीकडे चिकट लाल थर आणि त्यावर मुंग्या.

घरी येऊन आमची झेरॉक्स उजेडात धरली. मूळ पत्रात ‘६ एप्रिल’ होतं. त्याने फक्त महिना बदलला होता. ‘एप्रिल’ तीन अक्षरी आणि ‘जून’ दोन, त्यामुळे ‘जून’नंतर २०२५ च्या आधी इतर ओळींपेक्षा जास्त मोकळी जागा सुटली होती. ‘न’ची दांडीसुद्धा किंचित जाड. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. पानाच्या तळाशी ‘सोबतच्या अटी व शर्तींस अधीन राहून’ असं छापलेलं होतं. त्या सोबतच्या अटींचं पान त्याने कुणालाच दिलं नव्हतं. आमच्यातल्या एकाने माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पूर्ण पत्र हातात आलं तेव्हा दुसऱ्या पानावर एक अट होती: सदर जागा पोटभाड्याने देता येणार नाही. म्हणजे महिना खोडलेला नसता तरी आमच्याकडून असं भाडं घ्यायचा त्याला अधिकारच नव्हता.

हे पोटभाड्याचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण गावात त्यावर बरेचजण जगतात. ‘माझ्या नावावर गाड्याची जागा आहे, महिन्याला एवढे द्या आणि बसा’ असं सांगणारेही भेटतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात विक्री प्रमाणपत्र मिळालेल्याने धंदा स्वतः किंवा घरच्यांनी करायचा असतो, ती जागा भाड्याने द्यायची नसते. कारवाई झाली की सामान भाडेकरूचंच उचललं जातं आणि पैसे घेणारा “मी कुठं काय लिहून दिलंय” म्हणून मोकळा.

आमचे तरी जागेचेच गेले. पलीकडच्या कोपऱ्यात एका तरुण पोराचे बारच्या परवान्याचे गेले. त्याला सांगितलं होतं, शनिवार-रविवार बँड लावू, बिअरचं काउंटर तू घाल, एक्साइजमधून पूर्ण सीझनचं लायसन्स मी काढून देतो. पस्तीस हजार घेतले आणि एक चलन हातात दिलं. माझ्या चुलत दिरांचा परमिट रूमचा धंदा आहे. त्यांना ते चलन दाखवलं तर त्यांनी हसायचंच बाकी ठेवलं. कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभाग तात्पुरता परवाना देतो, पण तो ठरावीक तारखेचा आणि ठरावीक जागेचा असतो. उघड्या पटांगणात दोन महिने ‘सीझन’ चालवायचा असा परवाना नसतो. फी ऑनलाइन सरकारी तिजोरीत जाते आणि ग्रास या राज्य सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीच्या चलनावर जीआरएन नावाचा संदर्भ नंबर असतो, तो ग्रासच्या वेबसाइटवर टाकून बघता येतो. पोराच्या चलनावरचा नंबर टाकला तर काहीच आलं नाही. “आणि भाऊजी, गिऱ्हाइकांचं काय?” मी विचारलं. ते म्हणाले, “१९४९ चा दारूबंदी कायदा अजून हाय तसा हाय. पिणाऱ्यालाही परमिट लागतंय. बिअरला वय २१, हार्डला २५. कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत ते कोण तपासणार होतं? पहिल्याच शनिवारी केस झाली असती आणि झाली असती ती या पोरावर.” म्हणजे काउंटर सुरू झालं नाही हे त्याचं नशीबच. पैसे गेले, पण नावावर गुन्हा लागला नाही.

खाद्यपदार्थवाल्यांकडून ‘फूड लायसन्स’ म्हणून अडीच हजार वेगळे घेतले होते. माझी नोंदणी दुकानाची आधीपासून होती, म्हणून मी दिले नाहीत. छोट्या विक्रेत्याच्या एफएसएसएआय (अन्न सुरक्षा) नोंदणीची सरकारी फी तेव्हा वर्षाला १०० रुपये होती. नंबर चौदा आकडी असतो आणि फॉस्कॉस या त्यांच्याच नोंदणी पोर्टलवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. आमच्या शेजारच्या भेळवाल्या मावशींना आणि समोरच्या मोमोवाल्याला दिलेल्या प्रमाणपत्रांवर एकच नंबर होता. मावशींनी तर ते लॅमिनेट करून गाड्याला टांगलं होतं.

पोलीस ठाण्यात सुरुवातीला “हा तुमच्यातला आपापसातला व्यवहार” असं ऐकायला मिळालं. एकट्या-दुकट्याने गेलं की असंच होतं. मग आम्ही सगळ्यांच्या पावत्या, ट्रान्झॅक्शन नंबर, दोन्ही झेरॉक्स आणि माहिती अधिकारातली प्रत एकत्र लावून एकच तक्रार केली. व्यवहाराच्या वादाला गुन्ह्याचं रूप आलं ते खोडलेल्या महिन्यामुळे. सरकारी कागदात फेरफार करून तो खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा आहे, ते आपापसातलं राहत नाही. ज्याला आपण चारसोबीस म्हणतो ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८(४) झालंय, तक्रार लिहिताना तेच लिहा. यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला होता, पण तोवर खात्यातून रक्कम काढलेली होती. तो नंबर ताबडतोब लावला तरच खात्यातली शिल्लक गोठवता येते. संध्याकाळपर्यंत वाट बघू, फोन लागेल, माणूस ओळखीचा आहे, असं म्हणण्यात वेळ जातो आणि त्याला तेवढाच वेळ हवा असतो. रोख दहा हजारांचा तर पत्ताच नाही.

मिस्टर आता कुठल्याही पटांगणाचं पत्र आलं की आधी जावक क्रमांक वहीत उतरवतात आणि महापालिकेच्या इस्टेट विभागात जाऊन विचारतात: मुदत किती, कुणाच्या नावाने, अटींचं पान कुठंय. खिडकीवर कुणी हाकलत नाही, उलट त्यांनाही असली भानगड नको असते. आयोजकाला आम्ही एवढंच म्हणतो, पैसे देतो, पण पूर्ण पत्र दोन्ही पानांसकट द्या आणि पावती तुमच्या पूर्ण नावा-पत्त्याने. ज्याचं काम सरळ असतं तो दुसऱ्या दिवशी आणून देतो. एकाने आमच्यावर “एवढा अविश्वास असेल तर राहू द्या” म्हणून तोंड टाकलं. राहू दिलं.

आमच्या तक्रारीचा तपास चालू आहे. दरम्यान त्याच आराखड्याचे, त्याच रंगांच्या जाहिरातीचे ‘स्टॉल बुकिंग सुरू’ मेसेज आजूबाजूच्या गावांतल्या ग्रुपवर दिसतायत. नंबर वेगळा आहे, पण ‘तीन दिवस ट्रायल, पटलं तर सीझन’ ही ओळ तीच आहे. ज्यांनी आधीच पैसे भरले असतील त्यांनी पावती फेकू नका, मेसेज डिलीट करू नका. व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि पत्राची प्रत घेऊन आपल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. जितक्या तक्रारी जास्त, तितकं या प्रकाराला ‘आपापसातला व्यवहार’ म्हणणं अवघड होईल.