मॅग्नेटिक फिल्टरचा संच कोकणात: मृगापासून वैशाखापर्यंतचा अनुभव

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावायच्या फिल्टरचा, सीपीएल (चकाकी कापणारी काच) आणि एनडी८, एनडी६४, एनडी१००० (नुसता प्रकाश कमी करणाऱ्या काचा, आकडा मोठा तितकी काच गडद) असा चार काचांचा, ७७ मिमीचा, लोहचुंबकाने चिकटणारा मॅग्नेटिक संच घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचे बहुतेक गुणदोष कुठल्याही मॅग्नेटिक संचाला लागू पडतील. आता वैशाख चालू आहे. भरलेले धबधबे, सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) फुलं, खाडीवरचं धुकं आणि आटलेले ओढे, सगळं या काचांमधून बघून झालं. निकाल आधीच सांगतो: सीपीएलने पूर्ण पैसे वसूल करून दिले, एनडी६४ समुद्रावर उपयोगी पडला, एनडी१००० कधीमधी, आणि एनडी८ पाकिटातून फारसा बाहेर आलाच नाही.

धबधबा मऊसूत दिसायला शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, त्यासाठी एनडी हवाच, असं दुकानदार सांगतात आणि यूट्यूबवालेही. आषाढात मार्लेश्वरला कॅमेरा लावून बघा. चहूकडून कडे, वर ढगांचं झाकण, भर दुपारी तिन्हीसांजेचा उजेड. आयएसओ १००, एफ/११ ठेवलं की शटर आपसूकच पाव-अर्ध्या सेकंदावर येतं. त्यावर सीपीएल चढवला की आणखी दीडेक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश जातो आणि सेकंदभराचं एक्स्पोजर एनडीशिवाय हातात येतं. त्यापुढे जाऊच नये असं माझं मत. पाव ते अर्ध्या सेकंदात पाण्याच्या धारा वेगवेगळ्या दिसतात, खडकावर आपटून फुटलेलं पाणी ओळखू येतं. आठ-दहा सेकंद दिले की सगळ्याचा चक्का होतो. मग तो धबधबा मार्लेश्वरचा की आंबोलीचा, काही फरक उरत नाही.

सीपीएलचं खरं काम पानांवर आणि दगडावर आहे. पावसात प्रत्येक ओलं पान वरचं करडं आभाळ परावर्तित करतं, त्यामुळे डोळ्याला गच्च हिरवी वाटणारी झाडी फोटोत पांढुरकी येते. सीपीएल हळूहळू फिरवत गेलं की एका जागी ती चकाकी उतरते. केळीचं पान केळीचं दिसतं, शेवाळलेला काळा कातळ काळा दिसतो. एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन वाढवून हे जमत नाही, कारण चकाकीखालचा रंग फाइलमध्ये आलेलाच नसतो. पाण्याच्या डबक्यातला तळ दाखवायचा असेल तर कोन सांभाळावा लागतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात बघितलं तर प्रतिबिंब सर्वांत जास्त कापलं जातं. सरळ वरून बघितलं तर जवळजवळ काहीच होत नाही. ट्रायपॉड खाली घेऊन चार पावलं मागे सरकलं की फरक तिथेच दिसतो.

एक गोष्ट मात्र कुठलीच काच सुधारत नाही. जुलैत कोकणातले कितीतरी ओहोळ तांबडी माती घेऊन येतात आणि धबधबा चहाच्या रंगाचा होतो. पांढरं शुभ्र पाणी हवं असेल तर श्रावण उलटू द्या. भाद्रपदात पाणी अजून भरपूर असतं, पण निवळलेलं. गर्दीही कमी, फक्त गणपतीच्या दिवसांत घरातून सुटका होणं अवघड. वैभववाडीजवळचा नापणे बारमाही आहे, तिथे तर थंडीतही जाता येतं. आणि हो, निवळलेलं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, तर फ्रेम अर्धी टाकून वर यायचं. वर कुठेतरी जोराचा पाऊस झालेला असतो. पावसाळ्यात काही धबधब्यांवर प्रशासनाचे बंदीचे आदेशही असतात, निघण्याआधी चौकशी करा.

आता मॅग्नेटबद्दल. पावसात एका हातात छत्री धरून आट्यांचा फिल्टर बसवून बघितलेल्या कुणालाही हे सांगायला नको. इथे कडी लेन्सवर कायमची, काच नुसती जवळ नेली की टच्चकन बसते. सवयीने न बघताही बदलता येते. पाणी न धरणारा कोटिंगचा थर मोठ्या थेंबांना चांगला आहे, फुंकर मारली की थेंब घरंगळतात. धबधब्याजवळच्या तुषारांपुढे मात्र तो हात टेकतो, तिथे पुसत राहावंच लागतं. मायक्रोफायबरची फडकी पावसाळी हवेत वाळत नाहीत, म्हणून मी जुन्या धुवट पंचाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत नेतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर गेलात तर सीपीएल लावाच. रत्नागिरीकडच्या जांभ्याच्या सड्यांवर सीतेची आसवं फुलतात तेव्हा कातळावर पाण्याचे उथळ थर साचलेले असतात, आणि त्या चकाकीत निळी फुलं हरवतात. मात्र १६ मिमीसारखी रुंद कोनाची लेन्स असेल आणि ऊन पडलं असेल तर आभाळात एका बाजूला गडद निळा पट्टा उमटतो. तो फिल्टरचा दोष नाही. सूर्यापासून ९० अंशांवरचं आभाळ सर्वांत जास्त गडद होतं आणि रुंद लेन्समध्ये गडद-फिकं दोन्ही एकदम मावतं. तिथे काच थोडी उलटी फिरवून परिणाम अर्धा करायचा.

सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरचे धबधबे सकाळी उशिरापर्यंत सावलीत असतात. एकसारख्या उजेडातला फोटो तेव्हाच घ्यावा. हस्ताच्या पावसानंतर, दुपार कलल्यावर पाठीमागून ऊन आलं की तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं, आणि सीपीएलची खोडी तिथे कळते: एका बाजूला फिरवलं की इंद्रधनुष्य उठून दिसतं, दुसऱ्या बाजूला फिरवलं की ते साफ पुसलं जातं.

समुद्रावर हिशेब उलटा. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी, संध्याकाळी समोर, आणि दोन्ही वेळा समुद्राकडे बघताना सीपीएलने आभाळात काही होत नाही. उत्तर-दक्षिण, किनाऱ्याच्या लांबीने कॅमेरा फिरवलात तरच ते कामाला येतं. आरे-वारेच्या वळणावरून खाली बघताना असा कोन सहज मिळतो. मावळतीचा फोटो मात्र एनडी६४चाच. शटर १/६० असेल तर एक सेकंदाच्या आसपास जातं आणि खडकावरून परतणाऱ्या पाण्याच्या रेघा येतात. एनडी१००० लावून अर्ध्या मिनिटाचं एक्स्पोजर केलं की समुद्राचं धुकं होतं. ते मला दोन-तीनदा आवडलं, मग कंटाळा आला. शिवाय या संचातल्या एनडी१०००ला तपकिरी झाक आहे. कच्च्या (रॉ) फाइलमध्ये निघते, पण जांभ्याचा लाल रंग त्या ओघात हातचा जातो.

समुद्रावर फिल्टरपेक्षा तिथी महत्त्वाची. हर्णैच्या बंदरावर एका तांडेलाने मला सोपा हिशेब सांगितला, "तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती." चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण बेत ठरवायला पुरेसं आहे. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या संध्याकाळी सूर्य बुडतानाच ओहोटी मिळते, तीही उधाणाची, म्हणून पाणी लांबवर मागे जातं. उघडे पडलेले खडक, डबकी, आरशासारखी ओली पुळण, सगळं त्याच वेळी. अष्टमीच्या आसपास गेलात तर मावळतीला भरती असते, पण भांगाची, जोर कमी. हेदवीच्या बामणघळीत पाण्याचा फवारा वर उडताना टिपायचा असेल तर उधाणाच्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला उभं राहावं लागतं. त्या उन्हात एनडी६४ असला तरी पाण्याचा जोर गोठवलेलाच छान दिसतो. तिथे १/१००० आणि साधी उघडी लेन्स. घळीच्या तोंडाशी मात्र जाऊ नका, कातळ निसरडा असतो.

मॅग्नेटची गैरसोय पुळणीवर कळली. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी वाळूत काळे पट्टे असतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं, आणि मॅग्नेटाइट लोहचुंबकाला लगेच चिकटतं. बॅग वाळूवर टेकवली, काच बदलताना वारा आला, की कडीच्या कडेला बारीक काळे कण बसतात. पुसून निघत नाहीत, आणि तशीच दुसरी काच लावली की मध्ये करकर वाजतं. माझ्या सीपीएलच्या कडेला त्याचे ओरखडे आहेत. चिकटपट्टीचा तुकडा कडीवर दाबून उचलला की कण निघतात, आता तीच पट्टी बॅगेत असते. शिवाय खडकावर कॅमेरा घेऊन चालताना काच कशाला घासली तर सुटून पडते. आट्यांच्या फिल्टरला ही भीती नाही.

खारट तुषार वाळू द्यायचे नाहीत आणि कोरडे पुसायचेही नाहीत. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, ट्रायपॉडचे पायही त्यातच. सोबत आलेल्या रेक्झिनच्या पाकिटाला श्रावणातच बुरशी आली. मी ते फेकून दिलं. आता काचा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवतो, लेन्सही तिथेच. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यात परतून घेतो.

नव्याने घेणाऱ्यांसाठी: पूर्ण संच घेऊ नका. चांगल्या प्रतीचा एक सीपीएल घ्या, त्यातच जास्तीत जास्त पैसे घाला. तुमच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा घेऊन लहान लेन्सना माप जुळवणारी स्टेप-अप कडी लावा. समुद्रावर जाणं असेल तर एनडी६४, तोही आट्यांचा, पितळी कडीचा, कारण अ‍ॅल्युमिनियमची कडी वाळू-मिठाने अडकून बसते. फिरवून कमी-जास्त करायच्या व्हेरिएबल एनडीच्या वाटेला रुंद लेन्सवाल्यांनी जाऊ नये, गडद टोकाला फोटोवर फुलीसारखा डाग येतो. माझा एनडी८ कुणाला हवा असेल तर अगदी नव्यासारखा आहे.