बघायचा संघ की जिंकायचा संघ?

नव्याने फुटबॉल बघू लागलेला माणूस हमखास विचारतो, कुठला संघ आपला म्हणायचा? डोळ्यांचं पारणं फेडणारा, की कसाही खेळून करंडक नेणारा? मी आधी उलट विचारतो: वर्षभर क्लबांची लीग बघणार, की विश्वचषक आणि युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) एवढ्यापुरतेच जागणार?

स्पर्धेपुरतंच असेल तर जिंकणारा संघ घ्या, लाजू नका. २००४ च्या युरोत ग्रीसने बाद फेरीत फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि यजमान पोर्तुगाल, तिघांनाही १-० नेच हरवलं. तिन्ही गोल डोक्याने. प्रशिक्षक ऑटो रेहागेल यांचा हिशेब सरळ होता: समोरच्या फॉरवर्डला एकेक माणूस चिकटवायचा, मागे दाटी करायची आणि एखाद्या क्रॉसची (बाजूने गोलसमोर टाकलेल्या चेंडूची), कॉर्नरची (मैदानाच्या कोपऱ्यातून मिळणाऱ्या किकची) वाट बघायची. अंतिम सामन्यात ५७ व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला, खारिस्टेआसने उडी मारली, काम झालं. उरलेला अर्धा तास तटस्थ प्रेक्षकाला शिक्षाच होती. पण ग्रीस तुमचा असता तर तोच अर्धा तास तुम्ही नखं खात बघितला असता. तीन रात्रींचा कंटाळा सोसता येतो.

यावर कुणीतरी १९८२ च्या विश्वचषकातला ब्राझील काढतोच. झिको, सॉक्रेटिस, फाल्काओ. बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीशी बरोबरी केली असती तरी भागत होतं, ३-२ ने हरले. ‘सुंदर खेळायच्या नादात बुडाले’ हे वाक्य तेव्हापासून चालू आहे, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. पाओलो रोस्सीचा दुसरा गोल बघा: सेरेझोने आपल्याच बचावफळीसमोरून ढिला आडवा पास दिला, रोस्सीने तो पळवला. तिसरा आला कॉर्नर नीट बाहेर न काढल्यामुळे. यात आक्रमणाचा काय दोष? ही बचावातली हलगर्जी, आणि ती रटाळ खेळणाऱ्या संघांकडूनही होते.

लीगचं मात्र वेगळं आहे. अडतीस सामने. दर आठवड्याला १-० बघून माणूस पिकतो, अगदी जिंकत असला तरी. २००६-०७ मध्ये फाबिओ कापेलो यांनी रेआल माद्रिदला ला लिगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकून दिली आणि त्याच जूनमध्ये त्यांना नारळ मिळाला, कारण क्लबला खेळ अधिक रंजक हवा होता. करंडक कपाटात असताना!

दुसऱ्या बाजूला प्रशिक्षक केव्हिन कीगन यांचं इंग्लंडमधलं न्यूकॅसल. १९९५-९६ मध्ये एका टप्प्यावर बारा गुणांची आघाडी होती, तरी लीग गेली मँचेस्टर युनायटेडकडे. त्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलने त्यांना ४-३ ने हरवलं. भरपाई वेळेत कॉलिमोरचा गोल झाला आणि कीगन बाजूच्या जाहिरातीच्या फळीवर मान टाकून ओणवे झाले. हाती काही न लागलेला हा संघ लोक अजून आठवतात. पण त्या वर्षी न्यूकॅसलच्या माणसाला हे सांगायला जाऊ नका.

२०१० चा विश्वचषक जिंकणारा स्पेन कुठे बसवायचा, हे मला अजून कळलेलं नाही. सात सामन्यांत आठ गोल, बाद फेरीतले चारही सामने १-०. आकडे ग्रीसचे, पासिंग मात्र स्वप्नातलं. मला झोप येते, माझ्या मित्राला समाधी लागते.

आणि निवड एकदा केली की कायमची, असंही नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये चेल्सीविरुद्ध दोघांना लाल कार्ड मिळाल्यावरही अँजी पोस्टेकोग्लू यांच्या टॉटनहॅमने बचावफळी मध्यरेषेजवळच ठेवली, मागे सगळं मैदान मोकळं, आणि ४-१ ने मार खाल्ला. मे २०२५ मध्ये याच संघाने युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एक गोल केला, मग गोलपुढच्या बॉक्ससमोर भिंत उभी करून मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवलं. सतरा वर्षांनी करंडक आला. लीगमध्ये सतरावा क्रमांक होता, त्यामुळे सोळा दिवसांत प्रशिक्षकही गेले.

तेव्हा आधी महिनाभर दोन्ही प्रकार बघा. संघ १-० ने पुढे, दहा मिनिटं उरलीत, आणि आपला विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) गोलकडे न जाता वेळ काढायला कॉर्नरच्या झेंड्यापाशी चेंडू दाबून उभा राहतो. तुमच्या तोंडून ‘शाबास’ निघतं की शिवी?