डाग अडवणारा लाखेचा प्रायमर: एक अख्खा पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगते: डाग परत आलेला नाही. गेल्या दिवाळीआधी हॉलच्या भिंतीला स्पिरिटमधल्या चपडा लाखेचा पांढरा प्रायमर मारला, त्यावर नेहमीचं इमल्शन. पावसाळा सरला, गणपती गावाला गेले, भिंत स्वच्छ आहे. तरी पाचपैकी चारच स्टार देते.

आमची पार्ल्यातली जुनी बिल्डिंग. डाग सोफ्याच्या वर, दोन वितींएवढा, पिवळट तपकिरी आणि कडेला गडद रेघ. अशी कड बहुधा पाण्याच्या डागाला असते. पाणी वाळताना त्यात विरघळलेलं सगळं कडेला जाऊन साचतं. पण या भिंतीत पाइप नाही, वर गच्ची नाही, पलीकडे शेजाऱ्यांची बेडरूम. सेक्रेटरी म्हणाले, वरच्यांचं बाथरूम गळतंय. ते बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला! सासूबाईंच्या मते आधीच्या मालकांचा एसी तिथे असणार. मला ते जास्त पटतं, पुरावा मात्र नाही. पेंटरचं म्हणणं, "ताई, दोन हात जास्त मारतो, काही दिसणार नाही." मागच्या रंगकामात नेमकं तेच झालं होतं आणि डाग महिन्याभरात वर आला होता. इमल्शन पाण्यातलं. डागातला रंग त्या पाण्यात विरघळतो आणि इमल्शन वाळताना त्याच्याबरोबर वर येतो. मग हात कितीही मारा.

डाग कशाचा हे आम्हाला आजही कळलेलं नाही, आणि माझं मत असं की ते कळलंच पाहिजे असंही नाही. ओल अजून येतेय की थांबलीय, एवढं कळलं की पुरे. त्यासाठी भर पावसाळ्यात डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून बाजूला तारीख लिहिली. जाड प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून घट्ट बसवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या हवेतली. आमच्याकडे दोन्हीकडे कोरडं. डाग रेघेबाहेरही गेला नाही. बोटाने ठोकून पाहिलं, आवाज पोकळ नव्हता. ठोकल्यावर पोकळ वाजलं आणि गंजाच्या रंगाच्या चिरा दिसल्या, तर आतली सळई गंजत असू शकते. तिथे पेंटर नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. काळपट ठिपके असतील तर पातळ केलेल्या ब्लीचचा थेंब टाकून बघा. फिके पडले तर बहुधा बुरशी. ती आधी मारायची, मग रंग. आणि पलंगामागे डोकं टेकतं त्या उंचीवर डाग असेल तर गूढ वगैरे काही नाही, ते खोबरेल तेल आहे. त्यावर पाणी शिंपडा, मोत्यासारखं घरंगळेल.

आता प्रायमर. पत्र्याने सुटे पोपडे काढून, पॉलिश पेपर मारून, धूळ पुसून मग लावला. डागाबाहेर चार बोटं जास्त घेतलं. वाळतो फार लवकर, त्यामुळे ब्रश मागे फिरवायला वाव नाही. फिरवला की ओरखडे राहतात. पहिल्या हातानंतर कड पुसटशी दिसत होती, दुसऱ्यानंतर गेली. लाख म्हणजे पळस-कुसुमाच्या झाडांवरच्या किड्याचा राळेसारखा स्राव. विनाइलच्या आधीच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत हीच लाख असायची, हे पेंटरला सांगितल्यावर तो डब्याकडे जरा आदराने बघायला लागला.

त्रास दोन. पहिला, स्पिरिटचा वास आणि आगीची भीती. खिडक्या सताड उघड्या, गॅस बंद, देवापुढचं निरांजनसुद्धा त्या दिवशी लावलं नाही. ब्रश टर्पेंटाइनने साफ होत नाही, स्पिरिटच लागतं. पेंटरचा एक चांगला ब्रश त्यात गेला. दुसरा त्रास उशिरा कळतो. नुसत्या ठिगळावर प्रायमर असेल तर संध्याकाळचं तिरपं ऊन भिंतीवर आलं की तेवढाच भाग चकाकतो. पहिल्या हातानंतर आमच्याकडे तसं दिसलं, म्हणून इमल्शनचा दुसरा हात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्ख्या भिंतीला दिला. मजुरी वाढली, पण ठिगळ दिसेनासं झालं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आमची भिंत पाहून हाच डबा बाथरूमलगतच्या भिंतीला वापरला. तिथे ओल चालू होती. जुलैत फुगे आले, ऑगस्टमध्ये पोपडे. त्यात डब्याचा काय दोष? हा प्रायमर डाग अडवतो, पाणी नाही. तिथे आधी प्लंबर, मग भिंत पूर्ण सुकेपर्यंत थांबणं, रंग शेवटी. नव्या सिमेंटच्या प्लॅस्टरवरही हा नको, कारण ताज्या सिमेंटमध्ये अल्कली (क्षार) असते आणि त्यात लाख विरघळते.

घ्यायचाच असेल तर छोटा डबा घ्या आणि त्यावरची तारीख बघा. लाख जुनी झाली की नीट वाळत नाही. उरलेला पुढच्या वर्षी काढलात तर आधी पुठ्ठ्यावर मारा. तासाभराने बोट चिकटलं तर भिंतीला लावू नका.