थायोग्लायकोलेट ब्रॉथची तयार पावडर: सोलापूरच्या उन्हाळ्या-पावसाळ्यातून वापरल्यावर

हवेशिवाय वाढणारे जीवाणू, म्हणजे अनएरोब्ज, वाढवायला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये फ्लुइड थायोग्लायकोलेट मीडियमची (जीवाणू वाढवायच्या पातळ खाद्यद्रवाची, म्हणजे ब्रॉथची) तयार पावडर हिवाळ्यापासून वापरात आहे. आता उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाले, म्हणून लिहिते. थोडक्यात मत असं: पावडर घ्यावी, पण पाणी, नळ्या आणि साठवण यांची सोय आधी करावी. सोलापुरात मीडिया बिघडतो तो तिथे.

आधी घटक एकेक करून वजन करायचो. सिस्टीन पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. ब्रॉथमधला ऑक्सिजन संपवणारं सोडियम थायोग्लायकोलेट हवेतला ओलावा ओढतं, वास मारतं आणि बाटली उघडली की हळूहळू निकामी होत जातं. रेझाझुरिन, म्हणजे ऑक्सिजन असला की गुलाबी दिसणारा सूचक रंग, तर लिटरला फक्त 1 मिलिग्रॅम लागतं, म्हणजे त्याचं वेगळं स्टॉक सोल्यूशन करून ठेवणं आलं. तयार पावडरीत 29.75 ग्रॅम एका लिटरला, एवढाच हिशोब. दर वेळी pH 7.1 च्या आसपास येतो. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी हा भरवसा फार मोठा वाटतो.

पाण्याचं मात्र सांगायलाच हवं. बोअरचं पाणी जड, ते कधीच वापरू नये. डिस्टिल्ड वॉटरच हवं. काचेच्या डिस्टिलेशन युनिटला थंड पाण्याची धार सतत लागते आणि शहरात नळाला रोज पाणी नसतं. म्हणून पाणी येण्याच्या दिवशीच डिस्टिलेशन लावतो, कूलिंगचं पाणी वाया न घालवता टाकीत परत घेतो आणि काचसामान धुवायला वापरतो. मीडिया बनवायचा दिवस नळाच्या वेळापत्रकावर ठरवा, मग धावपळ होत नाही.

बनवताना पावडर पाण्यात टाकून पूर्ण उकळी येऊ द्यायची. यात अगार (मीडिया घट्ट करणारा पदार्थ) फक्त 0.075 टक्के असतं. त्याने ब्रॉथ घट्ट होत नाही, पण आतले प्रवाह मंदावतात आणि वरचा ऑक्सिजन खाली सहज उतरत नाही. अगार नीट विरघळलं नाही तर हा सगळा फायदा जातो. उकळताना गुलाबी रंग नाहीसा होतो, तो ऑक्सिजन निघून गेल्याची खूण. गरम असतानाच नळ्यांत भरून 121 अंशांवर 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करणं. जास्त वेळ ठेवलं तर ब्रॉथ तपकिरी पडतो आणि गुणवत्ता उतरते.

नळी अरुंद आणि खोल भरलेली हवी. रुंद फ्लास्कमध्ये हेच मीडियम वरून भराभर गुलाबी होत जातं. कापसाचे प्लग लावलेल्या नळ्या एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे लवकर सुकल्या आणि गुलाबी थरही पटापट खाली उतरला. स्क्रू कॅपच्या नळ्यांत फरक स्पष्ट दिसला. ऑटोक्लेव्हमध्ये कॅप सैल ठेवा आणि बाहेर काढल्यावर हाताला सोसवेल इतकी नळी निवली की घट्ट करा.

आता साठवण. उन्हाळा आला की नळ्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात असं सगळ्यांना वाटतं, ते करू नका. थंड द्रवात ऑक्सिजन जास्त विरघळतो. या मीडियाला 25 अंशांच्या आसपासचं तापमान आणि अंधार लागतो. मेमध्ये दुपारी लॅबच 40 च्या पुढे जाते, तेव्हा आम्ही बीओडी इन्क्युबेटर (थंडही करू शकणारा) 25 ला लावून नळ्या त्यात ठेवतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. बाहेर 40 असताना तो 37 वर राहणारच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात वाढ घ्यायलाही बीओडीच लागतो. लॅबमध्ये एकच असेल तर साठवण की वाढ, हे आधी ठरवावं लागेल.

गुलाबी थर वरच्या एक तृतीयांशापेक्षा खाली आला असेल तर नळी उकळत्या पाण्यात ठेवून रंग घालवायचा. हे एकदाच. पुन्हा पुन्हा तापवलं तर जीवाणूंना मारक पदार्थ तयार होतात. आम्ही तापवलेल्या नळीवर मार्करने रेघ मारतो. रेघ असलेली नळी पुन्हा गुलाबी झाली की ती टाकायची.

शिकवायला या मीडियमइतकं चांगलं दुसरं नाही. हवा लागणारा स्यूडोमोनास वर, दोन्हीकडे जमणारा ई. कोलाय सगळीकडे, हवा न चालणारा क्लॉस्ट्रिडियम तळाशी: मुलांना एका रॅकमध्ये सगळं दिसतं. इनॉक्युलेशन, म्हणजे नळीत जीवाणू सोडणं, पिपेटने हलक्या हाताने तळाशी करायचं आणि नळी हलवायची नाही, हे प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगते. ब्रूअर यांनी 1940 मध्ये हे मीडियम मांडलं ते यासाठीच, की अनएरोब्ज साध्या टेबलावर, ऑक्सिजन काढलेल्या बंद जारशिवाय वाढवता यावेत.

मर्यादा दोन. यात ग्लुकोज असल्याने आम्ल साठतं आणि कल्चर फार दिवस टिकत नाही. क्लॉस्ट्रिडियम जपून ठेवायला आम्ही रॉबर्टसनचं कुक्ड मीट मीडियम वापरतो. त्यात काही आठवड्यांनंतरही जिवंत कल्चर मिळतं, आणि मांस काळं पडलं की प्रथिनं पचवणारी जात ओळखूही येते.

दुसरी मर्यादा आपल्या जिल्ह्यात जास्त जाणवेल. साखर कारखान्यांमुळे बायोगॅसवर प्रोजेक्ट घेणारी मुलं दर वर्षी येतात आणि डायजेस्टरचा (बायोगॅसच्या टाकीचा) गाळ थेट या नळ्यांत टाकायचं म्हणतात. मिथेन तयार करणाऱ्यांना यात जागा नाही; त्यांना रेडॉक्स पोटेन्शियल (जितकं उणे, तितका ऑक्सिजनचा प्रभाव कमी) उणे 330 मिलिव्होल्टच्याही खाली लागतं. त्यासाठी हंगेट पद्धत: ऑक्सिजनमुक्त वायूच्या धारेत मीडिया भरणं, ब्युटाइल रबराची बुचं, अॅल्युमिनियमचं सील. थायोग्लायकोलेटमध्ये त्यांची वाट पाहून सेमिस्टर घालवू नका, गाइडशी सुरुवातीलाच बोला.

पॅक घेताना छोटा घ्या. 100 ग्रॅममध्ये सव्वातीन लिटरच्या वर ब्रॉथ होतो, म्हणजे 10 मिलीच्या तीनशेहून जास्त नळ्या. एका सेमिस्टरला पुरतात. मोठा डबा स्वस्त पडतो खरा, पण पावसाळ्यात वारंवार उघडल्यावर आमच्या पावडरीचे खडे झाले आणि उरलेली टाकावी लागली. झाकण लगेच घट्ट लावा आणि उघडल्याची तारीख डब्यावर लिहा.