डायलिसिस पेशंटची व्हिटॅमिन गोळी, व्हिटॅमिन ई, एनएसी (एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन) आणि प्रोटीन पावडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

जळगाव-धुळ्याकडे डायलिसिस सुरू झालं की घरात या चारही गोष्टी येतात. वापरानंतरचं मत: पहिली आणि शेवटची कामाची. मधल्या दोन मात्र किडनीच्या डॉक्टरने (नेफ्रॉलॉजिस्ट) लिहून दिल्याशिवाय घेऊच नयेत.

रक्त डायलायझरमधून (मशीनच्या गाळणीतून) फिरताना पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात आणि ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे कण वाढतात; शिरेतून दिलेलं लोहही त्यात भर घालतं. व्हिटॅमिन ई आणि एनएसी हा ताण कमी व्हावा म्हणून दिल्या जातात. त्याच चार तासांत बी-कॉम्प्लेक्स, फॉलिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन सी धुतलं जातं. म्हणून डायलिसिसच्या दिवशी गोळी मशीनवरून उतरल्यावर घ्यायची. सकाळी घेतली तर बरीचशी मशीनमध्येच जाते. पाकिटावर व्हिटॅमिन सी 60 ते 100 मिलिग्रॅम, फॉलिक अ‍ॅसिड 1 मिलिग्रॅमच्या आसपास, बी6 10 मिलिग्रॅम असावं. व्हिटॅमिन ए नको, या पेशंटच्या अंगात ते साठत जातं. मेडिकलमधली साधी मल्टिव्हिटॅमिन इथेच बाद होते.

500 मिलिग्रॅमची चघळायची व्हिटॅमिन सी गोळी रोज देणं तर धोक्याचं. सीपासून शरीरात ऑक्सलेट नावाचा क्षार बनतो, किडनी तो बाहेर टाकू शकत नाही आणि तो सांध्यांत, रक्तवाहिन्यांत साचतो. शेवग्याच्या पाल्याची पावडर 'नैसर्गिक' म्हणून दिली जाते, पण तिच्यात पोटॅशियम भरपूर. रावेर-यावलचं केळं ज्या कारणाने बंद केलं, तेच मग चमच्याने पोटात जातं.

व्हिटॅमिन ईबद्दल पुरावा उलटसुलट आहे. 2000 सालच्या स्पेस चाचणीत, आधीच हृदयविकार असलेल्या डायलिसिस पेशंटना रोज 800 युनिट दिल्यावर हार्ट अटॅक कमी झाले. 2014 साली छापलेल्या चाचणीत व्हिटॅमिन ई आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड सहा महिने दिलं, तरी रक्तातली दाहाची (इन्फ्लमेशन) आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाची मोजमापं हलली नाहीत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो, हे आधी विचारा.

एनएसीची फसफसणारी गोळी पाण्यात टाकली की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा, माल खराब नसतो. खरी अडचण दुसरी: तिच्यात सोडियम असतं आणि ती विरघळवायला अर्धा ग्लास पाणी लागतं. मे महिन्यात पारा 44 वर असताना, घोट मोजून पिणाऱ्या माणसाला हे फार जड जातं.

प्रोटीन पावडर डायलिसिसचीच घ्या; जिमच्या डब्यात फॉस्फरस-पोटॅशियम किती, ते आधी तपासा. गरज किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 60 ग्रॅम. अंडं चालत असेल तर पांढरा भाग सर्वांत स्वस्त आणि उत्तम, एकात साडेतीन ग्रॅमच्या आसपास. पावडर आधी दोन चमचे पाण्यात घोटून लगदा करा, मग उरलेलं पाणी घाला, गुठळ्या होत नाहीत. दुधात कालवू नका, फॉस्फरस वाढतो. ते पाणीही दिवसाच्या हिशेबात धरा.

ऑक्सिडेटिव्ह ताण नेहमीच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. नवीन काही सुरू केलं की पुढच्या तपासणीत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), पोटॅशियम आणि फॉस्फरस बघा. डबा मात्र उघडण्याआधीच डायलिसिस युनिटमध्ये नेऊन दाखवा.