शाखांतले जुने संगणक आणि डिस्क२व्हीएचडी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी येथे शाखा असलेल्या एका सहकारी सोसायटीचे संगणक सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. जुन्या खातेवह्या आणि पिग्मीचा (एजंटमार्फत रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींचा) हिशेब प्रत्येक शाखेत एकेका विंडोज ७ च्या संगणकावर होता. या प्रणालीचा सर्वसाधारण ग्राहकांसाठीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवला आणि यंत्रांचे सुटे भागही मिळेनासे झाले, तेव्हा हे सर्व संगणक मुख्य कार्यालयातील हायपर-व्ही (एकाच सर्व्हरवर अनेक संगणक चालवणारी मायक्रोसॉफ्टची व्यवस्था) सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, म्हणून आणण्याचे ठरले. त्यासाठी वापरलेल्या, संपूर्ण डिस्कची प्रत एका फाइलमध्ये घेणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील डिस्क२व्हीएचडी या मोफत साधनाविषयी हे परीक्षण आहे.

नवा संगणक घेऊन सर्व काही पुन्हा बसवावे, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. आमच्या भागात तो मानवत नाही, याचे कारण त्या संगणकांवरच्या कागदपत्रांत आहे. सरकारी खात्यांना जाणारी पत्रे कन्नडमध्ये नुडी या टंकलेखन सॉफ्टवेअरात टंकलेली, तर सभासदांच्या नोटिसा आणि वार्षिक सभेची इतिवृत्ते मराठीत श्रीलिपी या तशाच सॉफ्टवेअरात. युनिकोड ही सर्व लिपींची समान संकेतपद्धत रूढ होण्यापूर्वीचा हा मजकूर त्याचा नेमका फाँट नसला की निव्वळ अक्षरांचा गोंधळ होऊन बसतो, आणि कोणत्या फाइलला कोणता फाँट लागतो याची नोंद कुठेच नाही. संपूर्ण डिस्क जशीच्या तशी उचलली की फाँट, कळफलक आणि जुने सॉफ्टवेअर एकमेकांसकट येतात. या एका कारणासाठीसुद्धा मी हा मार्ग पुन्हा निवडेन.

साधनाचा वापर अगदी सरळ आहे. एकच लहान प्रोग्राम चालवायचा, डिस्कच्या हव्या त्या विभाजनांवर (पार्टिशनवर) खूण करायची, फाइल कुठे ठेवायची ते सांगायचे आणि काम सुरू करायचे. विंडोजमधील शॅडो कॉपी व्यवस्थेच्या आधारे ते चालू यंत्राचे त्या क्षणीचे चित्र घेते, त्यामुळे संगणक बंद करावा लागत नाही. तरीही ज्या सॉफ्टवेअरची माहिती साध्या फाइलींत साठते, ते आधी बंद करणे शहाणपणाचे, कारण शॅडो कॉपीची सूचना अशा सॉफ्टवेअरला कळत नाही आणि अर्धवट लिहिलेली नोंद तशीच प्रतीत उतरू शकते. सी ड्राइव्हबरोबर सिस्टम रिझर्व्ह्ड हे छोटे विभाजनही निवडलेच पाहिजे. बूट होण्यासाठी लागणाऱ्या फाइली बहुधा तिथेच असतात.

प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. शाखेतून नेटवर्कने प्रत पाठवण्याचा विचार आमच्यासारख्यांनी सोडून द्यावा. १० एमबीपीएसच्या अपलोडवर १०० जीबी पाठवायला सलग बावीस तासांहून अधिक लागतात, आणि पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वीज व लाइन सलग तेवढा वेळ टिकेल, असे कोणीही म्हणणार नाही. डिस्क बॅगेत घालून बेळगावला आणणेच अधिक भरवशाचे ठरले. मात्र प्रत घेतली जात असताना यूपीएसची बॅटरी खात्रीची हवी.

तयार झालेली फाइल आत काय आहे ते पाहण्यासाठी त्याच संगणकाला जोडण्याचा मोह टाळावा. मूळ डिस्क आणि प्रत यांची डिस्क-सही (डिस्क ओळखण्याचा क्रमांक) एकच असल्याने विंडोज प्रतीला नवी सही देते, आणि मग व्हर्च्युअल मशीनला आपली बूट डिस्क सापडत नाही. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन) चालू असलेल्या विभाजनाची प्रत हे साधन करत नाही. आधी कुलूप पूर्ण काढावे लागते.

हायपर-व्हीमध्ये जुन्या बायोस पद्धतीने बूट होणाऱ्या डिस्कसाठी जनरेशन १ या जुन्या प्रकारचेच मशीन करावे लागते. आमच्या एका प्रतीने पहिल्याच वेळी विंडोज बंद पडल्याचा निळा पडदा दाखवला. मूळ यंत्रात आयडीई या जुन्या डिस्क-जोडणीचा चालक (ड्रायव्हर) बंद होता, आणि जनरेशन १ नेमके आयडीईवरून बूट होते. मूळ यंत्राच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) तो चालक चालू करून नव्याने प्रत घेतल्यावर मशीन उठले. अशा गोष्टींची सूचना हे साधन देत नाही, आणि त्याची खरी उणीव मला इथेच वाटते. व्हीएमवेअर या हायपर-व्हीसारख्याच दुसऱ्या व्यवस्थेचे कन्व्हर्टर हे साधन चालकांची जुळवाजुळव स्वतः करते, विभाजनांचा आकारही बदलू देते. ज्यांचा सर्व्हर व्हीएमवेअरचा आहे त्यांनी तेच वापरावे.

स्थलांतरानंतर जुन्या नेटवर्क कार्डाची अदृश्य नोंद शिल्लक राहते आणि ठरावीक आयपी पुन्हा देताना तक्रार येते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवून ती काढून टाकावी. यंत्राबरोबर आलेला ओईएम (त्याच यंत्रापुरता) विंडोज परवाना व्हर्च्युअल मशीनला लागू होत नाही, हा खर्च संचालक मंडळापुढे आधीच ठेवावा. विंडोज ७ व्हर्च्युअल झाले म्हणून सुरक्षित होत नाही. आम्ही ती मशीन इंटरनेटपासून पूर्ण तोडली आहेत आणि शाखेतले कर्मचारी रिमोट डेस्कटॉपने (दूरच्या संगणकाचा पडदा आपल्या संगणकावर उघडून) तिथे पोहोचतात.

सर्वाधिक वेळ पिग्मीच्या यंत्राने घेतला. एजंट संध्याकाळी आपले हातातले यंत्र आणून सीरियल केबलने संगणकाला जोडतो, पण हायपर-व्हीमध्ये सर्व्हरचा प्रत्यक्ष कॉम पोर्ट (सीरियल केबलचे तोंड) मशीनला देता येत नाही. शाखेतील संगणकाचा पोर्ट रिमोट डेस्कटॉपमधून आत दाखवता येतो, आणि निपाणीत तो मार्ग चालला. खानापूरच्या सॉफ्टवेअरने मात्र तो पोर्ट ओळखलाच नाही. तिथे आता यंत्रातील फाइल काउंटरवरच्या साध्या संगणकावर उतरवून सामायिक फोल्डरमध्ये टाकली जाते आणि व्हर्च्युअल मशीन ती तिथून उचलते. ज्या शाखांत पिग्मी आहे त्यांनी डिस्कची प्रत घेण्यापूर्वी या केबलची व्यवस्था ठरवून घ्यावी.