क्लोज डेट किती वेळा सरकली? सेल्सफोर्समधला डील्सचा इतिहास

पाइपलाइनच्या, म्हणजे अजून न मिटलेल्या सगळ्या डील्सच्या, एकूण आकड्यावर माझा विश्वास नाही. सोमवारच्या मीटिंगला तो पडद्यावर येतो, गेल्या सोमवारइतकाच असतो, आणि सगळे निवांत होतात. प्रत्यक्षात आठवडाभरात दोन मोठ्या डील्स पुढच्या क्वार्टरला गेलेल्या असतात, एक हातची गेलेली असते, एकीची रक्कम निम्म्यावर आलेली असते. आणि तेवढ्याच रकमेच्या नव्या डील्स वरून येऊन पडलेल्या असतात, ज्यांत अजून ग्राहकाशी धड बोलणंही झालेलं नसतं. बेरीज मात्र तीच.

मी स्वतः विकत नाही. विकणाऱ्यांचे आकडे जुळवून फोरकास्ट, म्हणजे येणाऱ्या विक्रीचा अंदाज, बांधणं हे माझं काम. त्यामुळे सेल्सफोर्स (विक्रीच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) एकंदरीत कसं आहे यात न शिरता, डील काल कुठे होती आणि आज कुठे आहे हे दाखवणाऱ्या त्यातल्या सोयींबद्दलच लिहिते.

सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची सोय म्हणजे स्टेज हिस्टरी. ऑपॉर्च्युनिटीची (सेल्सफोर्समध्ये डीलला हेच नाव आहे) स्टेज (विक्रीचा टप्पा), रक्कम, जिंकण्याच्या शक्यतेची टक्केवारी किंवा क्लोज डेट (डील मिटण्याची अपेक्षित तारीख) बदलली, की कोणी बदलली आणि केव्हा, याची नोंद आपोआप होते. वेगळं काही चालू करावं लागत नाही. तरीही ती यादी उघडून बघणारे मॅनेजर मला फार थोडे भेटलेत. एखादी अडकलेली डील घ्या आणि ही यादी जुन्याकडून नव्याकडे वाचत या. ३० जून, मग ३१ जुलै, मग ३१ ऑगस्ट अशी महिनाअखेरीवरून महिनाअखेरीवर उड्या मारणारी तारीख दिसली, तर ती बहुधा ग्राहकाने दिलेलीच नसते. रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून कुणीतरी भरलेली असते. याउलट तारीख १७ वरून २३ वर गेली असेल, तर कुणीतरी ग्राहकाशी खरोखर बोललंय असं मी धरून चालते. स्टेज मागे गेलेली दिसली तर मला उलट बरं वाटतं. निगोशिएशनमधून डील परत प्रपोजलला आणायला धीर लागतो, आणि तो दाखवणाऱ्या माणसाचे बाकीचे आकडेही सहसा खरे निघतात.

याच कुळातलं एक छोटं फील्ड, म्हणजे रकाना, आहे पुश काउंट. क्लोज डेट किती वेळा पुढे ढकलली ते हे मोजतं. पण त्यात एक मेख आहे. तारीख पुढच्या कॅलेंडर महिन्यात गेली तरच मोजणी वाढते. ५ तारखेची २८ केली तर आकडा हलत नाही, ३१ ची पुढच्या महिन्याची १ केली तर एकाने वाढतो. त्यामुळे पुश काउंट शून्य आहे म्हणून डील वेळेवर चाललीय असं म्हणता येत नाही. आकडा तीन-चारच्या वर गेलेल्या डील्स मात्र मी फोरकास्टमधून बाहेर काढते आणि मग भांडण ऐकून घेते.

मीटिंगमध्ये दाखवायला पाइपलाइन इन्स्पेक्शन सगळ्यात चांगलं. निवडलेल्या काळात नवीन काय आलं, कशाची रक्कम वाढली, कशाची घटली, या क्वार्टरमध्ये काय सरकून आलं आणि काय बाहेर गेलं, हे वेगवेगळ्या आकड्यांत मांडलेलं असतं. आकड्यावर क्लिक केलं की त्यामागच्या डील्स खाली येतात. ॲडमिनकडून चालू करून घ्यावं लागतं, एवढंच. "पाइपलाइन तेवढीच आहे" हे वाक्य या पडद्यासमोर टिकत नाही, आणि मला तेवढं पुरेसं आहे.

हिस्टॉरिकल ट्रेंडिंगचे रिपोर्ट मात्र मला अर्धवट वाटतात. १ तारखेला रक्कम किती होती आणि आज किती आहे, हे शेजारी-शेजारी, लाल-हिरव्या रंगात दिसतं. बघायला छान. पण साठवण चालू महिना आणि आधीचे तीन महिने एवढीच, आणि एका ऑब्जेक्टची (डीलसारख्या एका प्रकारच्या नोंदीची) जास्तीत जास्त आठच फील्ड्स. फॉर्म्युला फील्ड (सूत्राने काढलेला रकाना) चालत नाही. महिन्याभरात सौदा मिटवणाऱ्या टीमला हे भरपूर झालं. ज्यांची डील जुळायलाच नऊ महिने लागतात, त्यांना डीलची सुरुवात यात दिसणारच नाही.

त्यांच्यासाठी रिपोर्टिंग स्नॅपशॉट. ठरलेल्या वेळी, रोज, आठवड्याला किंवा महिन्याला, रिपोर्टमधल्या ओळी उचलून कस्टम ऑब्जेक्टमध्ये (आपण स्वतः बनवलेल्या तक्त्यात) ठेवायच्या. एका वेळी २,००० ओळींची मर्यादा आहे, त्यामुळे मोठ्या टीमला रिपोर्ट तोडावा लागतो. मांडणी जुनाट आहे, फील्ड्स जोडताना कंटाळा येतो. पण हा इतिहास आपल्या मालकीचा राहतो, हवा तेवढा. स्नॅपशॉट चालू केल्याच्या आधीचं काही मिळत नाही, म्हणून गरज पडायच्या आधीच लावून ठेवावा.

आता स्टेजमधल्या मुक्कामाच्या सरासरीबद्दल, कारण डॅशबोर्डवर सगळ्यात आधी तीच लावली जाते. ऑपॉर्च्युनिटी हिस्टरीच्या रिपोर्टमध्ये डील कोणत्या स्टेजमधून कोणत्या स्टेजला गेली आणि मध्ये किती काळ थांबली, हे मिळतं. त्याची सरसकट सरासरी काढली की घोटाळा होतो. जिंकलेल्या डील्स सहसा झपाट्याने पुढे सरकतात, हरणाऱ्या रेंगाळतात, आणि जी डील आजही तिथेच पडून आहे तिचा मुक्काम अजून संपलेलाच नसतो. शिवाय एका दिवसात तीन स्टेज पार करून दाखवणारे महाभाग असतात. त्यांच्या शून्य दिवसांनी सरासरी गोंडस दिसते. मी जिंकलेल्या आणि हरलेल्या डील्स वेगळ्या काढते, सरासरीऐवजी मधला आकडा घेते, आणि उघड्या डील्सची यादी त्या शेजारी ठेवते. जिंकलेल्यांच्या दुप्पट मुक्काम झालेली डील असली, की पहिला प्रश्न तिच्यावरच.

छोट्या टीमला एवढ्या पसाऱ्याची गरज नसते. पाइपड्राइव्ह या दुसऱ्या विक्री-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्टेजला दिवस ठरवून देता येतात. तेवढ्या दिवसांत हालचाल झाली नाही की डीलचं कार्ड लाल होतं. त्यांनी त्याला 'रॉटिंग', म्हणजे सडणं, असं नाव दिलंय. चार-पाच जणांच्या टीमला मी आधी तेच सुचवेन.

सेल्सफोर्स घेतलंच असेल, तर स्टेजची नावं आणि व्याख्या वर्षाच्या मध्यात बदलू नका. जुन्या नोंदी जुन्याच नावांनी राहतात, आणि दोन व्याख्यांमधली तुलना कोणताही रिपोर्ट करून देत नाही. बदल अटळ असेल तर क्वार्टरच्या पहिल्या दिवशी करा, आणि आदल्या रात्री एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा.